लोकमत युद्धाकडे कसे वळविले जाते

राजे आपल्या पगारी सैन्यानिशी लढत असत, तोवर युद्धाविषयी प्रजेचे मत विचारण्याची त्यांना फारशी गरज भासत नसे. प्रजेने कर भरावेत आणि सैन्याच्या वाटेत येऊ नये, एवढीच अपेक्षा असे. विसाव्या शतकात युद्धाचे स्वरूप पार पालटले. लक्षावधी तरुणांची भरती, रात्रंदिवस चालणारे कारखाने, कर्जरोख्यांत गुंतविलेली घरोघरची शिल्लक आणि अन्नधान्याच्या वापरावरील बंधने यांवाचून युद्ध चालविणेच अशक्य होऊन बसले. सामान्य माणसाची संमती ही दारूगोळ्याइतकीच आवश्यक सामग्री झाली. जेथे राज्यकर्ते निवडणुकीने सत्तेवर येतात, तेथे तर ही संमती उघडपणे मिळवावी लागते. परंतु ज्याला मुलगा रणांगणावर पाठवावयाचा आहे आणि वाढलेले कर भरावयाचे आहेत, त्या माणसाला युद्ध सहसा नको असते. मग त्याची संमती मिळते कशी?

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे पहिल्या महायुद्धातील उदाहरण विशेष उपयुक्त आहे. नोव्हेंबर १९१६ मध्ये या देशाने, आपल्याला युद्धापासून दूर ठेवणारा नेता म्हणून वुड्रो विल्सन यांना पुन्हा अध्यक्षपदी निवडून दिले. आणि अवघ्या पाच महिन्यांनी, एप्रिल १९१७ मध्ये, त्याच नेत्याच्या मागे तो युद्धात उतरला. शिवाय हे परिवर्तन घडवून आणण्यात ज्यांचा हात होता, त्यांच्यापैकी काहींनी पुढे आपल्या कामाची हकीकत स्वतःच लिहून ठेवली. त्यामुळे या यंत्राचे निरनिराळे भाग सुटे करून पाहता येतात.

तटस्थतेची अडीच वर्षे

ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात युद्ध पेटले, तेव्हा विल्सन यांनी तटस्थता जाहीर केली आणि कृतीप्रमाणेच विचारांतही निःपक्षपाती राहण्याचे आवाहन देशबांधवांना केले. हे आवाहन लोकभावनेला धरूनच होते. देशात स्वतः जर्मनीत जन्मलेले वा जर्मन मातापित्यांच्या पोटी जन्मलेले सुमारे ८० लाख लोक होते. आयरिश वंशाच्या नागरिकांना ब्रिटनविषयी प्रेम वाटण्याचे कारण नव्हते. मध्य-पश्चिमेकडील शेतकऱ्याला तर युरोपातील राजघराण्यांची भांडणे समुद्रापलीकडचीच वाटत.

तथापि तटस्थता केवळ भावनेवर टिकत नाही. बातमी कोठून येते आणि पैसा कोठे जातो, यांवरही ती अवलंबून असते. युद्ध सुरू होताच ब्रिटनने जर्मनीच्या समुद्राखालील तारा तोडल्या. त्यामुळे अमेरिकी वृत्तपत्रांना युरोपातील वार्ता बहुतांशी लंडनमार्गे मिळू लागल्या. पैशाचेही तेच झाले. युद्धमान राष्ट्रांना कर्ज देणे तटस्थतेशी विसंगत आहे, असे परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी आरंभी ठरविले होते; पण हे धोरण लवकरच सैल करण्यात आले. एप्रिल १९१७ पर्यंत ब्रिटन, फ्रान्स आणि त्यांच्या मित्रराष्ट्रांना दिलेली अमेरिकी कर्जे २०० कोटी डॉलरांच्या वर गेली होती. जर्मनीला दिलेली रक्कम ३ कोटी डॉलरांपर्यंतही पोहोचली नव्हती.

अशा स्थितीत ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज आयर्लंडच्या किनाऱ्यानजीक बुडविले. सुमारे १२०० माणसे प्राणास मुकली. त्यांत १२८ अमेरिकी नागरिक होते. घटना खरी होती आणि भीषणही होती. परंतु तिच्यावरून काढता येण्याजोगा निष्कर्ष एकच नव्हता. जहाजावर बंदुकीच्या काडतुसांचाही साठा होता, आणि अशा जहाजांतून प्रवास करणे धोक्याचे आहे असा इशारा जर्मन वकिलातीने अमेरिकी वृत्तपत्रांतून आगाऊ दिला होता. ब्रायन यांचे म्हणणे असे की, युद्धमान राष्ट्रांच्या जहाजांतून प्रवास करण्यापासून सरकारनेच नागरिकांना परावृत्त करावे, आणि जर्मन पाणबुड्यांचा निषेध करताना तटस्थ व्यापाराची कोंडी करणाऱ्या ब्रिटिश नाकेबंदीचाही तितक्याच स्पष्टपणे निषेध करावा. विल्सन यांना हे मान्य नव्हते. समुद्रावर निर्वेध प्रवास करणे हा अमेरिकी नागरिकाचा हक्क असून त्याच्या रक्षणात राष्ट्राचा मान गुंतलेला आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. जून १९१५ मध्ये ब्रायन यांनी राजीनामा दिला. पुढे १९१६ च्या आरंभी, नागरिकांना अशा प्रवासाविरुद्ध इशारा द्यावा असे ठराव अमेरिकी संसदेपुढे आले. तेव्हा अध्यक्षांनी आपले सारे वजन खर्चून ते बाजूला सारावयास लावले.

येथवर अध्यक्षांनी जनतेला काही खोटे सांगितले होते, असे म्हणता येणार नाही. युद्ध व्हावे अशी त्यांची त्या वेळी इच्छाही नव्हती. तथापि एक महत्त्वाची गोष्ट घडून गेली होती. अनेक मार्गांपैकी एकालाच ‘मानाचा’ मार्ग ठरविण्यात आले आणि बाकीचे मार्ग भित्रेपणाचे ठरले. जर्मनीने पुन्हा जहाजे बुडविली तर काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे जवळजवळ ठरून गेले. युद्धाचा प्रश्न जनतेपुढे येण्याच्या कितीतरी आधी त्याकडे नेणारी वाट अशी आखली जाते, आणि त्या वेळी ती युद्धाची वाट आहे असे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

याच सुमारास ‘सज्जता’ हा शब्द देशभर घुमू लागला. शांतता टिकवावयाची तर राष्ट्र शस्त्रसज्ज असले पाहिजे, असे सांगणारे संचलन जागोजाग निघत. आरंभी या चळवळीपासून दूर राहिलेले विल्सन १४ जून १९१६ रोजी राजधानीतील अशा संचलनात स्वतः चालले. ज्याला युद्ध नको होते, तोही सज्जतेला निःशंकपणे होकार देऊ शकत होता. नोव्हेंबरच्या निवडणुकीत, अध्यक्षांनी देशाला युद्धापासून वाचविले, असा प्रचार त्यांच्या पक्षाने केला आणि निर्वाचकांच्या २७७ विरुद्ध २५४ अशा निसटत्या मतांनी विल्सन विजयी झाले.

निर्णायक नऊ आठवडे

३१ जानेवारी १९१७ रोजी जर्मनीने कळविले की, दुसऱ्या दिवसापासून ब्रिटनभोवतालच्या समुद्रात येणारे कोणतेही जहाज, मग ते तटस्थ राष्ट्राचे का असेना, इशारा न देता बुडविण्यात येईल. ३ फेब्रुवारीला अमेरिकेने जर्मनीशी राजनैतिक संबंध तोडले. महिनाअखेरीस ब्रिटिश हेरखात्याने उलगडलेली एक सांकेतिक तार अमेरिकी सरकारच्या हाती देण्यात आली. जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांनी तीत मेक्सिकोला असे सुचविले होते की, अमेरिका युद्धात उतरल्यास मेक्सिकोने जर्मनीची साथ करावी आणि टेक्सास, न्यू मेक्सिको व ॲरिझोना हे गमावलेले प्रदेश परत मिळवावेत. तार खरी होती; झिमरमान यांनी स्वतःच ती मान्य केली. परंतु ती प्रसिद्ध करण्यासाठी निवडलेली वेळही तितकीच बोलकी आहे. व्यापारी जहाजांवर तोफा बसविण्याचे विधेयक संसदेपुढे असताना, १ मार्च रोजी, ती वृत्तपत्रांत झळकली. पाणबुड्यांचे युद्ध दूरच्या समुद्रावर चालले होते. या तारेने धोका थेट टेक्सासच्या उंबरठ्यावर आणून ठेवला. सेनेटमधील काही सभासदांनी लांबलचक चर्चा करून ते विधेयक अधिवेशन संपेपर्यंत रोखून धरले, तेव्हा, मूठभर हट्टी माणसांनी राष्ट्राला असहाय करून सोडले आहे, असा जाहीर ठपका अध्यक्षांनी त्यांच्यावर ठेवला.

मार्च महिन्यात अमेरिकी जहाजे बुडविली गेली. २ एप्रिलच्या रात्री विल्सन संसदेपुढे उभे राहिले. त्यांच्या भाषणाचे मर्म असे की, अमेरिकेचे भांडण जर्मन जनतेशी नसून तिच्या एकतंत्री राज्यकर्त्यांशी आहे, आणि जगात लोकशाही सुरक्षित राहावी यासाठी हे युद्ध करावयाचे आहे. रशियात झारची सत्ता मार्चमध्येच कोसळली होती. त्यामुळे मित्रराष्ट्रांची बाजू ही लोकशाहीची बाजू, असे म्हणणे आता अधिक सोपे झाले होते.

या भाषणात युद्धाचे प्रयोजनच बदलून गेले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जहाजांच्या हक्कांवरील तंटा वाटाघाटींनी मिटू शकतो, भरपाई घेऊन मिटू शकतो, किंवा सोसून सोडूनही देता येतो. लोकशाहीच्या भवितव्याबाबत असा सौदा करता येत नाही. उद्दिष्ट जितके मोठे आणि पवित्र, तितका त्याच्यासाठी लागणाऱ्या किमतीचा हिशेब मागणे अवघड होते. आदर्शवादी माणसे, ज्यांना व्यापाराच्या रक्षणासाठी लढावयास कधीच आवडले नसते, तीही या हाकेने युद्धाच्या बाजूस आली.

सेनेटने ८२ विरुद्ध ६ मतांनी आणि प्रतिनिधिगृहाने ३७३ विरुद्ध ५० मतांनी युद्धाच्या ठरावास संमती दिली. विरोधकांत सेनेटचे सभासद जॉर्ज नॉरिस आणि रॉबर्ट ला फॉलेट होते, तसेच प्रतिनिधिगृहात निवडून आलेल्या पहिल्या महिला जनेट रँकिन होत्या. ब्रिटन व जर्मनी या दोघांनीही तटस्थ राष्ट्रांचे हक्क तुडविले असताना एकाशीच युद्ध का, आणि या निर्णयामागे धनकोंच्या पैशाचा भाग किती, असे नॉरिस यांनी विचारले होते. या प्रश्नांना उत्तर मिळण्याऐवजी प्रश्नकर्त्याला निषेध मिळाला.

चार मिनिटांचे वक्ते

ठराव संमत झाला, तरी राष्ट्र एकदिलाने युद्धामागे उभे आहे, याची सरकारला खात्री नव्हती. मे १९१७ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला आणि ५ जूनला २१ ते ३० वर्षांच्या सुमारे ९६ लाख पुरुषांनी नावे नोंदविली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर तरुणांना घराबाहेर काढावयाचे, तर घराघरातील मन जिंकणे आवश्यक होते. युद्धघोषणेनंतर आठवड्याभरातच, १३ एप्रिलला, विल्सन यांनी ‘लोकमाहिती समिती’ स्थापन केली आणि तिची सूत्रे जॉर्ज क्रील या पत्रकाराकडे सोपविली.

क्रील यांची कल्पना बातम्या दडपण्याची नव्हती. सरकारी बाजूच्या मजकुराने वातावरण इतके भरून टाकावयाचे की, दुसऱ्या मजकुराला जागाच उरू नये, अशी होती. समितीने पत्रके, व्याख्याने, प्रदर्शने, चित्रपट आणि अनेक भाषांतील वृत्तलेख यांचा सतत पुरवठा चालू ठेवला. नामांकित चित्रकारांनी भित्तिपत्रके रंगविली. वाचकाकडे बोट रोखून सैन्यात बोलाविणाऱ्या ‘अंकल सॅम’चे जेम्स माँटगोमेरी फ्लॅग यांनी काढलेले चित्र ४० लाखांहून अधिक प्रतींत छापले गेले.

या सर्वांत कल्पक योजना होती ती ‘चार मिनिटांच्या वक्त्यां’ची. त्या काळी चित्रपटगृहात रीळ बदलण्यास सुमारे चार मिनिटे लागत. तेवढ्या अवधीत एक स्वयंसेवक पडद्यापुढे उभा राही आणि भरती, कर्जरोखे, अन्नबचत अशा एखाद्या विषयावर बोले. विषय आणि मुद्दे वॉशिंग्टनहून येत. बोलणारा मात्र गावातलाच वकील, शिक्षक, दुकानदार वा धर्मोपदेशक असे. असे सुमारे ७५ हजार वक्ते देशभर काम करीत होते. सरकारचा संदेश शेजाऱ्याच्या तोंडून ऐकू येत असल्यामुळे तो सरकारी वाटत नसे, आणि चार मिनिटांत शंका विचारावयास अवसरही नसे. शिवाय भरल्या सभागृहात टाळ्या वाजत असताना हात आखडून बसणारा माणस साऱ्यांच्या नजरेत भरे. युद्धाविषयी प्रत्येकाचे खासगी मत काय आहे, यापेक्षा इतर सर्वजण अनुकूल आहेत अशी प्रत्येकाची समजूत होणे, हे अधिक परिणामकारक ठरते.

विरोधाची कोंडी

मन वळविण्याच्या जोडीला दंडशक्तीही होती. १५ जून १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा नावाने हेरांसाठी होता. पण भरतीत अडथळा आणल्याचा आरोप ठेवून टीकाकारांवर खटले भरण्यास तो पुरेसा होता. त्याच कायद्याने टपाल खात्याला नियतकालिके रोखून धरण्याचा अधिकार मिळाला. मे १९१८ च्या दुरुस्तीने तर शासनपद्धती, राज्यघटना, राष्ट्रध्वज वा लष्करी गणवेश यांविषयी अवमानकारक बोलणे हाही गुन्हा ठरला. समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांना जून १९१८ मधील एका भाषणाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली आणि मार्च १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत तुरुंगातून उभ्या राहिलेल्या डेब्ज यांना नऊ लाखांहून अधिक मते मिळाली. त्यांची सुटका डिसेंबर १९२१ मध्ये झाली.

कायद्यापेक्षाही शेजाऱ्यांचा धाक मोठा होता. अनेक राज्यांत शाळांतून जर्मन भाषेचे शिक्षण बंद झाले. आंबविलेल्या कोबीच्या जर्मन पदार्थाला ‘स्वातंत्र्य-कोबी’ असे नाव देण्यात आले, हा झाला हास्यास्पद भाग. पण एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉय राज्यात जर्मनीत जन्मलेल्या एका कामगाराला जमावाने झाडाला टांगून ठार केले आणि त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. अध्यक्षांनी भाषणात जर्मन जनता आणि जर्मन राज्यकर्ते यांत जो भेद केला होता, तो जमावाला उमगला नव्हता.

सेनेटचे सभासद ला फॉलेट यांचा अनुभवही बोधप्रद आहे. सप्टेंबर १९१७ मधील त्यांच्या एका भाषणात, जर्मनीविरुद्ध अमेरिकेची गाऱ्हाणी आहेत, असे विधान होते. एका मोठ्या वृत्तसंस्थेने ते नेमके उलट करून, गाऱ्हाणी नाहीत असे, देशभर पाठविले. त्यांना सेनेटमधून काढून टाकण्याची मागणी झाली. वृत्तसंस्थेने चूक कबूल केली ती आठ महिन्यांनी, मे १९१८ मध्ये. आणि चौकशीतून ते पूर्णपणे मुक्त झाले ते युद्ध संपल्यावर, जानेवारी १९१९ मध्ये.

निरनिराळे काळ, समान रीत

ही रीत एका देशाची किंवा एका नेत्याची नाही. जुलै १८७० मध्ये बिस्मार्क यांनी एम्स येथून आलेल्या तारेतील काही वाक्ये गाळून ती अशा स्वरूपात प्रसिद्ध केली की, फ्रेंच व जर्मन या दोन्ही राष्ट्रांना आपला अपमान झाला असे वाटावे. आठवड्याभरात फ्रान्सने युद्ध पुकारले. ३१ ऑगस्ट १९३९ रोजी नाझी हस्तकांनी पोलिश हल्लेखोरांच्या मिषाने ग्लायवित्झ येथील आपल्याच नभोवाणी केंद्रावर बनावट हल्ला केला आणि दुसऱ्या दिवशी जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरले.

ऑगस्ट १९६४ मधील टाँकिनच्या आखाताचे प्रकरण या दोहोंच्या मधले आहे. २ ऑगस्टला उत्तर व्हिएतनामच्या नौकांनी अमेरिकी युद्धनौकेवर खरोखरच हल्ला केला होता. ४ ऑगस्टला दुसऱ्या हल्ल्याची वार्ता आली. पण तेथील अधिकाऱ्याने त्याच दिवशी शंका व्यक्त करून, पुढील कारवाईपूर्वी पूर्ण छाननी करावी असे कळविले होते. अध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच रात्री दूरचित्रवाणीवरून प्रतिहल्ल्याची घोषणा केली. तीन दिवसांत संसदेने त्यांना जवळजवळ अमर्याद अधिकार दिले: प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सेनेटमध्ये ८८ विरुद्ध २. दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे सरकारच्याच गुप्त संस्थेच्या २००५ साली खुल्या झालेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले. तोवर ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि त्यांच्या कितीतरी पट व्हिएतनामी माणसे मृत्युमुखी पडली होती. २००३ साली इराकच्या संहारक अस्त्रांविषयी असेच निश्चयाचे स्वर ऐकू आले. संयुक्त राष्ट्रांचे तपासणी पथक आणखी काही महिन्यांचा अवधी मागत असतानाच मार्चमध्ये आक्रमण झाले, आणि अशा अस्त्रांचे साठे तेथे नव्हते, असा निष्कर्ष अमेरिकेनेच नेमलेल्या शोधपथकाने २००४ साली काढला.

या उदाहरणांत कोठे घटना बनावट होती, कोठे संशयित, तर कोठे पूर्णपणे खरी. यावरून असे दिसते की, असत्य हे या कामाचे एकमेव साधन नव्हे. सर्वांत समान असलेली गोष्ट म्हणजे घटना आणि निर्णय यांमधील अंतर कमी करणे. विचारास लागणारा वेळ नाहीसा केला जातो. ‘युद्ध करावे काय?’ या प्रश्नाच्या जागी ‘तुम्ही देशाच्या बाजूस आहात काय?’ हा प्रश्न ठेवला जातो. पहिल्या प्रश्नाला अनेक उत्तरे असू शकतात, दुसऱ्याला एकच.

उशिरा येणारे सत्य

पहिल्या महायुद्धात १ लाख १६ हजारांवर अमेरिकी सैनिक मेले. त्यांत निम्म्याहून अधिक रोगांनी दगावले. युद्धानंतर जॉर्ज क्रील यांनी १९२० साली आपल्या समितीच्या कामाचे पुस्तक लिहिले आणि ते काम जाहिरातकलेचा मोठा विजय म्हणून वर्णिले. वाचकांना मात्र आपली फसवणूक झाली असे वाटू लागले. १९३४ पासून सेनेटच्या एका समितीने शस्त्रास्त्रांच्या कारखानदारांची आणि धनकोंची चौकशी केली, आणि १९३५ पासून तटस्थतेचे कडक कायदे एकामागून एक संमत झाले.

या अविश्वासाचा सर्वांत दारुण परिणाम पुढेच होता. १९१४ साली जर्मन सैन्याने बेल्जियम व फ्रान्समध्ये सहा हजारांवर नागरिकांना ठार केले आणि लूवेनचे प्राचीन ग्रंथालय जाळले, हे सत्य होते. ब्रिटिश प्रचाराने त्यात पडताळा न पाहिलेल्या क्रौर्यकथांची भर घातली. मृत सैनिकांच्या देहांपासून चरबी काढणारा कारखाना जर्मनांनी उघडला आहे, ही १९१७ ची कथा तर इतकी निराधार होती की, डिसेंबर १९२५ मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना ब्रिटिश संसदेत तिच्यावर पडदा टाकावा लागला. खोटे उघडकीस आले, आणि त्याबरोबर खऱ्या अत्याचारांवरील विश्वासही उडाला. १९४२ साली युरोपातील ज्यूंच्या सामूहिक हत्येच्या बातम्या लंडन-वॉशिंग्टनला येऊ लागल्या, तेव्हा अनेक संपादकांना आणि अधिकाऱ्यांना आधीच्या युद्धातील त्या कथा आठवल्या आणि या बातम्यांवर विश्वास ठेवण्यास ते कचरले.

म्हणून युद्धाचा पुकारा कानी येतो, तेव्हा नागरिकाने विचारावयाचे प्रश्न साधेच आहेत. सांगितली जाणारी घटना कोणी पडताळून पाहिली? तिला उत्तर देण्याचे इतर मार्ग कोणते होते आणि ते का सोडले? निर्णयाची एवढी घाई कशासाठी? आणि विरोध करणाऱ्याच्या युक्तिवादाला उत्तर दिले जात आहे, की त्याच्या निष्ठेवर बोट ठेवले जात आहे? हे प्रश्न विचारल्याने प्रत्येक युद्ध टळेल असे नाही. काही युद्धे लादली जातात आणि लढावीच लागतात. १९३९ साली पोलंडपुढे दुसरा पर्याय नव्हता. परंतु ज्या सरकारची बाजू खरी आहे, त्याचे या प्रश्नांनी काही बिघडत नाही. ते विचारण्याचे धैर्य मात्र ऐन वेळी थोड्यांच्याच अंगी असते. १९१७ साली सेनेटमध्ये युद्धाला नकार देणारे सहा होते आणि १९६४ साली दोन.